काढून ठेवलेलं ताट

माझ्याकडे माप द्यायला येणारी बाई दारातून आत आली की आधी श्वास आत ओढून घेते. मी घाई करत नाही. टेप गळ्यात अडकवून तिच्या मुलांची, सासूची, नळाच्या पाण्याची चौकशी करत बसते. बाई बोलायला लागली की श्वास आपोआप सुटतो. सुटला की मी टेप लावते. इतकी वर्षं बायकांचे कपडे शिवून जी काही अक्कल आली, तिच्यातली निम्मी एवढ्यात आली.

लालबागच्या एका चाळीत तळमजल्याला माझी खोली आहे. यजमान गिरणीत होते. ते गेले तेव्हा घरात शिवणाचं मशीन होतं आणि मला शिवण येत होतं, त्यामुळे पुढे काय करायचं याचा फार विचार करावा लागला नाही. पोलकी, झंपर, परकर, लहान मुलांची झबली-टोपडी. आधी चाळीतलं गिऱ्हाईक, मग शेजारच्या चाळींतलं, आणि हात बसल्यावर दादर-गिरगावाकडच्या बायकाही यायला लागल्या. पुरुष शिंप्यासमोर हात वर करून उभं राहायला त्यांना नको वाटायचं.

या धंद्यातल्या दोन गोष्टी आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिली म्हणजे माप मोठ्यानं वाचायचं नाही. टेपवर अंगठा दाबून धरायचा, कापडावर खडूची खूण करायची आणि चेहरा सरळ ठेवायचा. खोलीत आणखी कुणी ना कुणी बसलेलं असतंच. आकडा तोंडातून निघाला की संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचतो. दुसरी गोष्ट म्हणजे दाब. शिवणीच्या आत दोन्हीकडे थोडं जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही दाब म्हणतो. बाई अंगानं भरली तर शिवण उसवून दाब सोडायचा, वाळली तर आणखी आत घ्यायचं. आमच्याकडच्या बायकांना एक पोलकं वर्षानुवर्षं पुरवायचं असतं. मधे बाळंतपणं असतात, दुखणी असतात. दाब नसेल तर पोलकं लवकरच भांडी पुसायला जातं.

वजनापायी बायका काय काय करतात ते मी फार जवळून पाहिलं आहे. दादरच्या एक वकीलीणबाई स्वतः कधी यायच्या नाहीत. गड्याबरोबर मापाचं पोलकं पाठवायच्या, आणि ते पोलकं त्यांच्या लग्नातलं. त्या मापावर शिवून दिलं की गडी दुसऱ्या दिवशी परत हजर. "बाई म्हणतात, तुम्ही फार घट्ट शिवता." पुन्हा नवीन कापड, पुन्हा तेच मापाचं पोलकं. शेवटी मी डोळ्यांनी अंदाज घ्यायला म्हणून दादरला जाऊन आले, मापाच्या पोलक्याकडे न बघता शिवलं आणि निरोप पाठवला, "हल्ली कापड आटतंय, म्हणून जरा सैल ठेवलंय." बाई खूष. तेव्हापासून प्रत्येक खेपेला गडी न चुकता विचारतो, "हे कापडसुद्धा आटणारंच आहे ना?"

गिरगावातल्या आणखी एक बाई दरवर्षी गणपती झाले की यायच्या. "दिवाळीपर्यंत मी उतरणार आहे. आत्तापासूनच घट्ट शिवा." सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपवास. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू, मधेच भूक लागू नये म्हणून रताळ्याचा कीस. दिवाळी यायची, पोलकं ट्रंकेत जायचं. न घातलेल्या पोलक्यांची त्यांच्याकडे एक चळतच असेल.

उतरणाऱ्या बायकाही पाहिल्या. तापातून उठलेल्या, बाळंतरोगातून उठलेल्या, कुणी हट्टानं. थोड्या महिन्यांनी सगळ्या परत यायच्या आणि नजर चुकवून म्हणायच्या, दाब सोडा. उतरलेलं राखणारी मी एकच पाहिली. तिची हकीकत सांगायची आहे.

सुभद्रा आमच्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. राजापूरकडची. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, धाकटा दीर दत्तू त्याच गिरणीत, सासरे थकून घरी बसलेले, आणि गावाकडचे दोघेतिघे पुरुष कायम जेवायला. गावचा माणूस मुंबईत उतरला की त्याची वळकटी कुणाच्या तरी खोलीत पडणारच, त्यात तक्रार कुणी करत नाही. सुभद्राला मूल नव्हतं. तिचा सगळा दिवस या माणसांना वाढण्यात जायचा.

गिरणीला तीन पाळ्या, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाची पाळी निराळी. एक जेवून उठला की दुसरा पाटावर, आणि रातपाळीचा सकाळी येऊन जेवून झोपायचा. पुरुषांच्या आधी बाईनं जेवायचं नाही, हा रिवाज. पण सगळे पुरुष जेवून उठलेत अशी वेळ त्या घरात यायचीच नाही. मग बाईनं ताटावर कधी बसायचं? सुभद्रा बसतच नसे. एकेकाचं झालं की टोपाच्या तळाचा भात, कढईला लागलेली भाजी, कुणी ताटात टाकलेली अर्धी भाकरी, असं उभ्या उभ्या तोंडात टाकायची. अन्न टाकवायचं नाही तिला. गिरणीला तीन पाळ्या, तशा तिच्या पोटालाही तीन झाल्या होत्या. आणि कुणी विचारलं तर अगदी प्रामाणिकपणे सांगायची, "मी जेवते कुठे गो? दिवसभरात पाटावर टेकले नाही."

ती खरंच बसलेली नसायची. पण दर वर्षाला मी दाब सोडत होते.

मग तिला जिन्यात धाप लागायला लागली. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर चांगला होता, सावकाश समजावून सांगणारा. ब्लडप्रेशर आहे, हृदय थकलंय, म्हणाला. वजन उतरवा, आणि उतरलं की परत चढू देऊ नका. परत चढलं तर हृदयाला झेपणार नाही. सुभद्रा घरी आली आणि तिनं एक उपवास वाढवला. उपवासाच्या दिवशीही घरातल्यांचं उरलेलं होतंच. ते दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच पोटात जायचं.

त्याच सुमाराला दत्तूचं लग्न झालं आणि कुसुम घरात आली. गिरगावातली, मराठी सातवी झालेली, वडील छापखान्यात खिळे जुळवणारे. अंगानं काटकुळी आणि तोंडानं तिखट. पहिल्यांदा माझ्याकडे आली ती जावेला हाताला धरून.

"मावशी, वैनीच्या पोलक्याची शिवण उसवली आहे असं त्या म्हणतात. मला वाटतं शिवण जागेवर आहे, वैनीच उसवल्यात."

"गप गो, रांडेचे," सुभद्रा म्हणाली, पण हसली. मशीनवरून मान वर करून मी पाहिलं, कारण सुभद्राला इतकं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

कुसुमला घरातलं गणित समजायला फार दिवस लागले नाहीत. तिनं काय केलं, तर पहाटेचा स्वयंपाक झाला की कुणाही पुरुषाचं पान मांडायच्या आत दोन ताटं वाढून बाजूला काढली. भाकरी, भाजी, वाटीभर आमटी, मूठभर भात, असली तर सुकटीची चटणी. वर झाकण घालून ती फळीवर ठेवली. दुपारी दुसऱ्या पाळीचे निघाले की दार लोटून दोघी समोरासमोर बसायच्या आणि त्या ताटातलं तेवढंच जेवायच्या. टोपात उरेल त्याची दुसऱ्या दिवशी पेज. पुरुषांना ती सांगायची, लागेल तसं मागा, एकदम वाढणार नाही. ताटात टाकलेलं मांजराला.

सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी फळी बघितली. हे सगळं मला दोघींनी नक्कल करून दाखवलं होतं. सासरे म्हणाले, "घरातले पुरुष उपाशी, आणि बायका आधी ताटं वाढून घेतात?"

"मामंजी, नुसतं काढून ठेवलंय. जेवलो नाही अजून. हे बघा झाकण."

"आमच्या घरात असलं काही नव्हतं."

"म्हणून तर वैनींना इस्पितळात न्यावं लागलं."

सासऱ्यांनी पाट फिरवून मांडला. पुढे महिनाभर ते फळीकडे पाठ करून जेवत असत.

सुभद्राला सुरुवातीला फार जड गेलं. कढई खरवडायला हात आपोआप जायचा आणि कुसुम त्यावर चापटी मारायची. पण समोर कुणीतरी बसून जेवतंय, आपल्याशी बोलतंय, हे तिला नवीन होतं. एकदा मला म्हणाली, "आमटीला चव असते गो. मला माहीतच नव्हतं." दुपारच्या वेळी त्यांच्या खोलीवरून गेलं की आतून हसण्याचे आवाज यायचे आणि माझ्यासारख्या एकटीला जरा हेवा वाटायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई आपल्याला मिळणार की नाही, यावरून सगळं गिरणगाव तापलेलं. कुसुम प्रत्येक सभेला आणि मोर्चाला जायची आणि जावेला ओढून न्यायची. सुभद्रा आधी कोपऱ्यापर्यंत जायची, मग परळच्या मैदानापर्यंत, मग थेट शिवाजी पार्कपर्यंत पायी. घोषणा द्यायला लाजायची. कुसुम तिच्या दंडाला चिमटा काढून ओरडायला लावायची. परत आल्या की माझ्या दारात टेकायच्या, पाणी प्यायच्या. "मावशी, मुंबई मिळो न मिळो, वैनी निम्म्या झाल्या."

निम्मी नाही, पण चांगली उतरली. एक दिवस सगळी पोलकी घेऊन आली. "आत घे. पण कापू नकोस."

"का कापू नको?" कुसुमनं विचारलं.

"परत भरले तर?"

"त्यासाठीच कापायचं. जागाच ठेवली नाही तर भरणार कुठे? मावशी, घ्या कात्री."

माझ्या धंद्याला हे पटणारं नव्हतं. दाब कापू नये, असंच मी शिकले. मी सुभद्राकडे बघितलं. तिनं एक पोलकं उलटून आतली शिवण चाचपली आणि म्हणाली, "कापून टाक." मी कापला. कापडाच्या पट्ट्या कुसुमनं गोळा केल्या. तिला तेव्हा दिवस गेले होते. "जोडून झबलं शिवा," म्हणाली. पाच-सहा रंगांचं ते झबलं मी शिवून दिलं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तेव्हा कुसुमला गिरगावात जायचं होतं. आईनं दोनदा माणूस पाठवला. ही म्हणे, तेवढी पुढची सभा होऊ दे, मग जाते. दिवस अजून आहेत. आणि मग शहर पेटलं. दगड, लाठ्या, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. ट्राम बंद, टांगा मिळेना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गिरगाव एरवी किती लांब? त्या दिवसांत ते कोकणाइतकं लांब झालं. त्यातच तिच्या पोटात दुखायला लागलं, दिवस भरायच्या आधीच.

चाळीतली सुईण होती, तिच्या हाताला गुण होता. मुलगी झाली, जिवंत, लहानशी. पण कुसुमचं रक्त थांबेना. दत्तू आणि आणखी दोघे हात वर करून, पांढरं फडकं दाखवत इस्पितळाकडे निघाले. त्यांना थांबवलं, सोडलं, पुन्हा थांबवलं. गाडी घेऊन ते परतले तेव्हा उजाडलं होतं आणि गाडीचं काम उरलं नव्हतं.

मला सुभद्रानं येऊन सांगितलं. रडत नव्हती. हातात हिरवा खण होता, कुठल्यातरी ओटीतला. सवाष्ण गेली की तिला हिरवी चोळी घालून पाठवतात. कुसुमच्या पेटीतली कुठलीच चोळी होत नव्हती, बाळंतपणानं अंग भरलेलं.

"शिव," म्हणाली.

"माप?"

"तू बघितलंयस तिला काल."

खरंच होतं. मी शिवायला बसले. चाळीत त्या सकाळी मुलंसुद्धा रडत नव्हती. बाहेर रस्ता रिकामा. माझ्या मशीनचा आवाज सगळ्या मजल्यांवर जात असेल आणि सगळ्यांना कळत असेल मी काय शिवते आहे. मी पटकन पाय मारले. सुभद्रा उंबऱ्यात उभी राहून बघत होती. कडेच्या शिवणीपाशी आल्यावर हात सवयीनं कापड आत दुमडायला गेला. मग लक्षात आलं की या चोळीला दाब ठेवायचं कारण नाही. काठ सरळ कापला आणि शिवण घातली. एवढ्या वर्षांत दाबाशिवाय मुद्दाम शिवलेला माझा तो एकच कपडा.

चार माणसांना परवानगी मिळाली. चौघं घेऊन गेले.

दत्तूनं मुलगी वहिनीच्या ओटीत घातली. शोभा तिचं नाव. पुढे त्याचं दुसरं लग्न झालं, तो माझगावला राहायला गेला, पण मुलगी इथेच राहिली आणि सुभद्रालाच आई म्हणायला लागली. पहिले काही महिने सुभद्रा वाळतच गेली. चाळीतल्या बायका म्हणायच्या, पोरीच्या मागे लागून किती बारीक झाली. ती जेवत नव्हती, हे मला टेप न लावताही दिसत होतं.

मग पोरीचं उष्टावण झालं, ती भात खायला लागली, आणि काही दिवसांनी सुभद्रा पोलकं घेऊन माझ्याकडे आली. "जरा सोड."

"काय सोडू? कापलंय ना ते."

तिला तेव्हा आठवलं. चेहरा असा झाला की मी पोलकं तिच्या हातातून घेतलं. काखेत कापडाची कळी घालून पोलकं वाढवून दिलं. चारेक महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा कळी. त्यानंतर आली तेव्हा माझ्या खोलीपर्यंत पोचताना दाराला धरून उभी राहिली. ओठ निळसर. तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी टेप लावली आणि आकडा मोठ्यानं वाचला.

तिनं माझ्याकडे टकामका बघितलं. "असं वाचतात काय कधी?"

"वाचत नाहीत. तुला ऐकू यावा म्हणून वाचला. डॉक्टर काय म्हणाला होता ते मलाही ठाऊक आहे. वर जी पोर आहे, तिची एक आई गेली. आता दुसरीही जाऊ दे, म्हणतेस का?"

पोलकं माझ्या हातातून ओढून घेऊन ती निघून गेली. कठोर बोलले, हे मला कळत होतं. पण हळू बोलायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि तिच्याकडेही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बंद केलं आणि वर गेले. दुसऱ्या पाळीचे नुकते निघाले होते. सुभद्रा शोभाला भरवत बसली होती. मोठ्या माणसाला पुरेल एवढा वाडगा, त्यात गुरगुट्या भात, वर तूप. पोरीनं चार घास खाल्ले, पाचवा थुंकला आणि खेळायला पळाली. सुभद्रा उभी राहिली आणि वाडगा तोंडाला लावला. मग कढई.

"एवढ्याशा पोरीला एवढा भात?"

"खाते थोडं थोडं."

"मग थोडंच वाढ."

"उरायला नको?"

"कशाला उरायला हवं?"

मी वेड्यासारखं काहीतरी विचारते आहे, अशा नजरेनं तिनं पाहिलं. "मग मी काय जेवू गो?"

मला कळेना. फळी तिथेच होती. तिच्यावर ताटं धुऊन उपडी ठेवलेली. मी म्हटलं, "ताट घे, वाढून घे आणि जेव. पूर्वी जेवत होतीस तशी."

"पूर्वी मी नव्हते वाढून घेत. कुसमी वाढायची."

"आता तू वाढ."

"स्वतःला कसं वाढायचं?" तिनं हे अगदी साधं विचारलं. "लग्नाआधी आई देईल ते. इथे आल्यावर उरलेलं. मग ती आली, ती वाढायची. स्वतःसाठी टोपात डाव घालायची वेळच आली नाही कधी. आता घालायला गेले की हात थांबतो. वाटतं, कोणीतरी राहिलंय जेवायचं."

मी बसले. खाली दोन गिऱ्हाइकं यायची होती, पण बसले. "ये," म्हटलं, "माझ्यासमोर वाढून घे."

"तू वाढ ना."

"मी वाढणार नाही. मी रोज दुपारी वर येऊ शकत नाही, आणि आले तरी जन्मभर येणार नाही."

तिनं ताट घेतलं. टोपात डाव घातला, भात घेतला, अर्धा परत टाकला. मग पुन्हा घेतला. "किती घेऊ?"

"मला विचारू नकोस."

भाकरी घेतली. आमटीची वाटी भरताना सांडली. ताट समोर ठेवून ती पाटावर बसली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग एकदम रडायला लागली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. कुसुम गेली त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. मी तिला जवळ वगैरे घेतलं नाही, ते मला जमत नाही. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि तिच्या ताटात ठेवला. थोड्या वेळानं तिनं तो उचलला.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. काही दिवस ती वाढून घ्यायची आणि वर वाडगाही चाटायची. मधे दोनदा घसरली. एकदा शोभाला गोवर आला तेव्हा, आणि एकदा कुसुमच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला. तेव्हा पानावर ठेवलेलं सगळं कुणालाही न देता तिनं स्वतः संपवलं आणि दोन दिवस आजारी पडली. पण हळूहळू वाडग्याची वाटी झाली. सकाळी फळीवर झाकलेलं एक ताट दिसायला लागलं. मी घातलेल्या कळ्या मीच काढल्या. आज तिचं माप कुसुम असताना होतं तेच आहे. जिना चढते. तब्येत दाखवायला जाते तेव्हा डॉक्टर खूष असतो. पण दुपारी त्या खोलीवरून गेलं की आतून आवाज येत नाही. ती जेवते, ताट धुते, शोभाची वेणी घालायला घेते.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीनं अंगणात पंगत घातली. पुरी, बटाट्याची भाजी, शिरा. आधी मुलं आणि पुरुष, बायका मागून, नेहमीप्रमाणे. आम्ही बायका वाढत होतो. गुलाल, ताशे, नुसता गलका. मधेच बघते तर सुभद्रानं हातातलं भाजीचं पातेलं खाली ठेवलं, एक पत्रावळ उचलली, तिच्यावर दोन पुऱ्या, भाजी आणि चमचाभर शिरा घेतला, आणि पुरुषांच्या रांगेच्या टोकाला जाऊन मांडी घालून बसली.

तिचा नवरा रांगेतूनच ओरडला, "अगं, हे काय? बायकांची पंगत मागून आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

तिनं पुरीचा घास केला. आजूबाजूला दोघंतिघं हसले. सासरे काठी टेकून बसले होते, ते दुसरीकडे बघायला लागले. वाढणारी एक बाई शिरा घेऊन आली. "घ्या हो वैनी, आज नाही घ्यायचा तर कधी?" तिनं पत्रावळीवर आडवा हात धरला. "घेतलाय. चांगला झालाय." शोभा अर्धी पुरी घेऊन धावत आली, "आई, मला जात नाही." सुभद्रानं हात पुढे केला आणि मागे घेतला. "राहू दे तुझ्या पानात," म्हणाली.

मला भूक नव्हती, तरी मी पत्रावळ घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसले. रांगेत कुजबुज झाली. आम्ही दोघी जेवत राहिलो. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"कुसमी आज हवी होती," ती खाली मान घालून म्हणाली. "सगळ्यांना चांगलं ऐकवलं असतं तिनं."

"तू ऐकवलंस की."

"मी कुठे काय बोलले गो?" ती म्हणाली. "मी नुसती जेवले."